एका गुरुवारचा नवस

“नवस मनातल्या मनात बोलायचा नाय, मालन. तोंडानं बोलायचा. आणि फेडायला जाशील तवा ज्याच्या नावानं बोललीस त्याला संगं न्यायचं. देवीसमोर त्याच्या कानावर घालायचं, काय मागितलं होतं ते. गुपचूप एकट्यानं फेडलेला नवस आपली गावदेवी घेत नाय.”

सासू विठाबाई हे सुपात तांदूळ पाखडता पाखडता बोलली होती. मालनबाई तेव्हा नवी नवरी होती. पुढं सासू गेली, पण ही रीत मालनबाईनं सोडली नाही, आणि ती तिला कधी जडही गेली नाही. कमळाकरला गोवर आला तेव्हा ती नवस बोलली, आणि उतरल्यावर त्याला कडेवर घेऊन देवळात गेली. नवऱ्याच्या, बुधाजीच्या पायाचं हाड मोडलं तेव्हाही बोलली. तो लंगडत लंगडत तिच्या मागून आला आणि देवीपुढं कान पुढं करून उभा राहिला. मागणं चांगलंच असायचं. मग सांगायला लाज कसली?

कुंभिवलीत व्रतवैकल्यांची बाई म्हटली की मालनबाईचंच नाव निघे. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, संकष्टी वेगळी. आवाज इतका मऊ की अंगणात वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्यांनासुद्धा ती “जा गं बायांनो” म्हणून हाकलायची. पण त्या वर्षी त्या मऊ आवाजाच्या बाईच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि ते दुखणं कुडापलीकडून येत होतं.

कुडापलीकडं तिची धाकटी जाऊ सुंदरा राहायची. घर एकच, मध्ये कूड घालून दोन भावांनी वाटून घेतलेलं. सुंदराचा नवरा सोमा हायवेवर टेंपो चालवायचा. आदल्या दिवाळीला त्यानं टेंपोतून, गोधडीत गुंडाळून, मुंबईहून टीव्ही आणला. लाकडी कपाटातला, पुढं सरकतं दार असलेला. कौलांवर उंच बांबू लागला, बांबूवर काड्यांचा सांगाडा बसला. सुंदरानं कपाटाला हळदकुंकू लावलं, वर भरतकामाचा रुमाल घातला. आळीत दुसरा टीव्ही नव्हताच. मालनबाईनं त्या वस्तूला टीव्ही म्हणायचं पहिल्या दिवसापासून टाळलं. ती ‘पेटी’ म्हणायची.

पेटी येण्याआधी गुरुवार मालनबाईचा होता. दिवेलागणीला तिच्या पडवीत दत्ताच्या तसबिरीपुढं आरती व्हायची. अख्खी आळी उभी राहायची, शिऱ्याचा प्रसाद हातावर घेऊन ओटीवर टेकायची, गप्पा मारायची. आणि मग सगळे मिळून कारखान्याच्या मैदानावर मॅच बघायला जायचे, बायासुद्धा, डोक्यावरून पदर घेऊन.

हे मैदान म्हणजे हायवेला लागून असलेल्या रंगाच्या कारखान्याचं. तिथल्या मॅनेजरसाहेबांना फुटबॉलचं भारी वेड. कलकत्त्याकडचे होते ते. त्यांनी चार खांबांवर मोठे दिवे लावून घेतले आणि खेळणारी पोरं पगारावर ठेवली. मुंबईच्या गिरण्यांचे आणि बँकांचे संघ संध्याकाळी बसनं यायचे, दिव्याखाली खेळायचे आणि वडापाव खाऊन परत जायचे. मॅच मंगळवारी नाही तर गुरुवारी. कारखान्याला विजेच्या पाळीमुळं शुक्रवारची सुट्टी, म्हणून मोठी मॅच गुरुवारी. आणि त्या संघाचा गोलकीपर होता मालनबाईचा कमळाकर. खात्यावर नाव हेल्पर म्हणून, पण त्याला घेतलेलं त्याच्या हातांसाठी. त्याचा पगार होता तो चेंडू अडवण्याचा.

पेटी आली आणि गुरुवार फिरला. गुरुवारी रात्री पेटीत सिनेमाची गाणी लागायची. अर्ध्या तासाचाच कार्यक्रम, पण जागा धरायला माणसं तासभर आधी जायची. आरतीला अजूनही सगळे यायचे, नाही असं नाही. पण टाळ्या वाजवताना नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं. ‘घालीन लोटांगण’ सुरू झालं की मागची रांग चपला शोधायला लागायची. प्रसाद हातावर पडायचा आणि हात तसाच मुठीत मिटून कुडापलीकडं जायचा. शिरा मालनबाईच्या तुपातला, आणि तो खायचा सुंदराच्या चटईवर!

बुधाजीसुद्धा जायचा. त्याच्यासाठी तिथं खाटेची जागा ठरलेली होती.

“अहो, दोन घटका बसा की देवापाशी,” मालनबाई म्हणायची.

“देव काय पळून जातोय? गाणी जातात,” असं म्हणून तो विडी कानावर ठेवायचा आणि उठायचा.

मग मालनबाई एकटीच मैदानावर जायची. दोरीला धरून उभी राहायची. दिवे झगझगत, खाली बावीस पोरं धावत, आणि बघायला ही, वॉचमन, आणि हायवेवरून वाट वाकडी करून आलेले दोनचार ट्रकवाले. कमळाकरनं आडवं झेपावून चेंडू धरला तरी ‘वा’ म्हणायला कुणी नाही. तिनं एकदा हळूच टाळी वाजवली, तर वॉचमननं मान वळवून बघितलं.

मंगळवारी मात्र मैदान भरायचं. एकदा जेवताना तिनं कमळाकरला विचारलं, “मंगळवारी तुमी जास्त चांगले खेळता काय रं?”

कमळाकर हसला. “आई, खेळ तोच. मंगळवारी टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम असतो, खत किती घालायचं ते सांगतात. लोकं उठून आमच्याकडं येतात. आमची किंमत आमच्यावर नाय, पेटीत काय लागलंय त्याच्यावर हाय.”

तोसुद्धा ‘पेटी’ म्हणाला, याचं मालनबाईला बरं वाटलं. मग लगेच वाटलं, हे तो कुडापलीकडंही असाच हसून बोलत असणार. कारण कमळाकरला काकीचा भारी लळा. सुंदराला मूल नव्हतं. कमळाकर लहान असताना मालनबाई देवाच्या खोलीत असली की तो काकीच्याच मांडीवर असायचा. अजूनही खेळून आला की आधी काकीकडं पाणी प्यायचा, मग आईकडं जेवायला. मालनबाईनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मात्र त्याचा पाण्याचा तांब्या ती रोज घासून दाराशी भरून ठेवायची.

माघ लागला आणि कमळाकर एके रात्री न हसता जेवला.

“काय झालं?”

“पुढच्या गुरुवारी सेमीफायनल हाय. मुंबईहून शेठ येणार बघायला.”

“मग चांगलं हाय की.”

“शेठ मॅच बघायला नाय येत, आई. माणसं बघायला येतोय. साहेबाला म्हणाला, दिव्याचं बिल भरतो, पोरांचे पगार भरतो, आणि गुरुवारी तुमच्या मैदानावर कुत्रं नसतं. लोकंच नसतील तर संघ कुणासाठी? शेठला मैदान रिकामं दिसलं तर संघ मोडणार. खेळावर घेतलेली आमी सगळी घरी.”

“वार बदला मग.”

“मुंबईवाल्यांना दुसरा वार जमत नाय. साहेबानं लई हातापाया पडून बघितलं.”

मालनबाईनं हातातला घास ताटात ठेवला. पोराची नोकरी, आणि ती कुणाच्या हातात? सुंदराच्या! तिनं एक संध्याकाळ ते दार सरकवलं नाही, तर आळी आपोआप मैदानावर जाईल. नुसतं कुडापलीकडं जाऊन सांगायचं होतं, “सुंदरे, एक गुरुवार बंद ठेव.” एवढं एक वाक्य.

ती गेलीसुद्धा. शनिवारी संध्याकाळी, विरजणाचं निमित्त करून. आत गर्दी होती. सुंदरा मधोमध बसलेली, डोक्यात अबोलीचा वळेसर, कुणाचं तरी तान्हं मांडीवर. पेटीत कुणीतरी रडत होतं आणि अख्खी आळी त्याच्याबरोबर नाकं ओढत होती.

“आक्का! ये की गं, बस,” सुंदरा म्हणाली. “ए धाऊ, सरक तिकडं, आक्काला जागा दे. एवढा पसरलास काय, बापाचं शेत हाय काय?”

सगळे हसले. बुधाजी पण हसला, खाटेवरून. सगळ्यांनी थोडं थोडं सरकून मालनबाईसाठी हातभर जागा केली. माझ्याच नवऱ्याच्या घरात मला सरकून जागा देतात, असं तिच्या मनात आलं, आणि ते एक वाक्य बोलायचं राहिलं ते राहिलंच.

“विरजण हवं होतं,” ती म्हणाली. विरजण घेतलं आणि परत आली. घरी आल्यावर तिला आठवलं, स्वतःच्या घरात दह्याचं मडकं भरलेलं होतं.

मग मंगळवार आला. देवीचा वार. मालनबाई न्हाऊन, ओलेत्या केसांनी उंबराखालच्या देवळात गेली. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, हात जोडले. तोंडानं बोलायचं ही सासूची शिकवण. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ती हळू आवाजात बोलली:

“आई, सुंदराच्या पेटीचं तोंड एक गुरुवार बंद कर. खणा-नारळानं तुझी ओटी भरीन.”

तिथवर ठीक होतं. पण तोंड उघडलं तसं आतलं सगळंच बाहेर आलं. “आणि ती मधोमध बसलेली मला दिसू देऊ नको. एक दिवस तरी तिच्या दाराशी एकपण चप्पल नसू दे.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच चपापल्यासारखं झालं. देवी शेंदरातून बघत होती. मालनबाईनं झटकन घंटा वाजवली आणि ती निघाली.

गुरुवारी आरतीला आळी जमली. चपला शोधायची तीच घाई, तोच मुठीतला प्रसाद. मालनबाई तबक हातात घेऊन तशीच उभी राहिली, कुडापलीकडचे आवाज ऐकत.

गाणी लागलीच नाहीत. त्याऐवजी सुंदराचा मोठा आवाज आला. “नाय गं बायांनो, नाय. दुपारपास्नं मुकीच हाय. दार पण नाय उघडलं मी तिचं.”

“अगं, कानफटात मार एक. आमचा रेडिओ तसाच चालतो,” हा धाऊ.

“तुझ्या कानफटात मारते, चालतोस काय बघू! उठा सगळी. इथं बसून लाकूड बघणार काय? चला, कमळ्याची मॅच हाय. मी पण येते.”

“सोमादादा मेकॅनिक आणील की.”

“ते लोणावळ्याला गेलेत माल घेऊन. चला म्हणते ना!”

मालनबाईनं तबक दत्तापुढं ठेवलं. निरांजनाची ज्योत हलली. देवीनं ऐकलं होतं. अगदी शब्दन् शब्द ऐकला होता. तिनं दत्ताला नमस्कार केला, आणि देवीलाही त्याच नमस्कारात घेतलं.

मैदान त्या रात्री असं भरलं की दोरी तुटायची वेळ आली. आळी आली, आळीबरोबर शेजारची वाडी आली. गर्दी बघून हायवेवरचे ट्रकवाले, चहाच्या टपरीवरची माणसं, सगळी आली. शेठ पांढऱ्या खुर्चीवर बसले होते आणि चेंडू सोडून माणसांकडंच बघत होते. मॅनेजरसाहेब हसू लपवायला सारखा रुमाल तोंडाशी नेत होते.

मालनबाई खुशीत पुढं सरकली. आज आपला दिवस. आज गोलकीपरची आई कोण ते सगळ्यांना कळेल. आणि तिनं बघितलं, तर कमळाकरच्या गोलामागं, गवतावर गोणपाट टाकून, सुंदरा मधोमध बसलेली. तिच्याभोवती अख्खी आळी, तश्शीच, जणू समोर पेटी आहे. तेच तान्हं तिच्या मांडीवर. आणि सुंदरा ओरडत होती, “कमळ्या, डावीकडं बघ रं! तो टकल्या येतोय, टकल्या!” आणि लोक हसून हसून लोळत होते, आणि तिनं हात वर केला की सगळे टाळ्या वाजवत होते.

पेटी बंद होती. तरी मधोमध तीच.

“आक्का, इकडं ये,” तिनं हाक मारली. “धाऊ, सरक मेल्या.”

“मला इथनं दिसतंय,” मालनबाई म्हणाली, आणि दोरीला धरून लांबच उभी राहिली. कमळाकर काय खेळला ते तिला नीट दिसलंच नाही. एक गोल गेला त्याच्या हातावरून, मुंबईवाले जिंकले. कुणाला त्याचं फार वाटलं नाही. शेठ उठताना साहेबांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी बोलले, आणि थोड्या वेळानं कमळाकर घामानं निथळत धावत आला.

“राहिला! संघ राहिला, आई! शेठ म्हणाला, पुढच्या वर्षी बाकडी टाका.”

हे त्यानं मालनबाईला सांगितलं खरं. पण सांगून झाल्यावर तो गोणपाटाकडं धावला, आणि तिथं त्यानं वाकून काकीच्या पायाला हात लावला. मालनबाईनं ते बघितलं. आईच्या पायाला त्यानं हात लावला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी कुडापलीकडं पेटी गायला लागली. मालनबाई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि गेली. सिनेमा सुरू व्हायला वेळ होता. सुंदरा एकटीच होती, काचेवरून फडकं फिरवत.

“झाली होय गं दुरुस्त? सोमाभावजींनी आणला मेकॅनिक?”

सुंदरा वळली आणि ओठ दाबून हसली. “बिघडली कुठं होती, आक्का? वायर काढून ठेवली होती मी. तांदळाच्या डब्यात.”

“म्हंजे?”

“कमळ्या आला होता ना सोमवारी. म्हणाला, काकी, एक गुरुवार बंद ठेव, नायतर आमी सगळे घरी बसतोय. म्हटलं, एवढंच ना? त्यात काय? आता लोकांना बंद ठेवली सांगितलं तर हट्ट करून चालू करायला लावतील, म्हणून बिघडली म्हटलं. पाप लागलं असंल तर तू मागून घे गं माझ्यासाठी देवाकडं माफी. तुझं ऐकतो तो.” ती फडकं झटकत म्हणाली, “आता सगळी चिडवतात मला. धाऊ म्हणतो, काकीच्या टीव्हीला पण संकष्टी असते.”

सोमवारी. मालनबाईनं देवीला सांगितलं मंगळवारी.

रात्री कमळाकरला वाढताना तिनं विचारलं, “काकीला तू सांगितलंस?”

“सांगितलं.”

“कसं काय सांगितलंस?”

कमळाकरला प्रश्नच कळेना. “कसं म्हंजे? जाऊन सांगितलं. काकीच हाय की.”

मालनबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली, ती वाटीबाहेर सांडली.

पुढचे दिवस तिचा जप लागला नाही. माळ ओढायची आणि मणी चुकायचे. आधी तिला राग सुंदराच्या गर्दीचा होता. तो सोसला असता. आता सुंदरा भलीसुद्धा निघाली. पोराची नोकरी सुंदरानं वाचवली, त्यासाठी आळीची थट्टा सोसली, आणि वर माफी मागायलाही मालनबाईलाच सांगितलं. हिच्या पदरी काय आलं? तर एक नवस, आणि तोही कसला! जावेच्या दाराशी चप्पल नसू दे म्हणून.

आणि तो फेडायचा का, हा दुसरा घोर. ती रोज स्वतःशी वाद घालायची. सोमवारी जे ठरून गेलं ते मंगळवारी मागितलं, मग देवीनं दिलं असं कसं म्हणायचं? नवस लागूच होत नाही. देवीचा यात हात नाही, वायर काढली सुंदरानं. असं म्हणून ती सुटका करून घ्यायची आणि दोन घास नीट जेवायची. मग भांडी घासताना सुपाचा आवाज कानात यायचा. तोंडानं बोललीस ना, मालन? मग?

बरं, फेडायचा तर गुपचूप जाऊन ओटी भरून यावी, कोण बघतंय? पण तेही चालणार नव्हतं. ज्याच्या नावानं बोललीस त्याला संगं न्यायचं. आणि तिथं त्याच्या कानावर घालायचं. पेटीचं तोंड बंद कर, एवढ्यावर भागलं असतं तरी ती हसून बोलली असती. पण ते दुसरं? मधोमध बसलेली दिसू देऊ नको, ते? सुंदराच्या तोंडासमोर? तेवढं गाळलं तर? देवीला तर पाठ असणार.

सुंदरा हसेल? का रडेल? हसली तर संध्याकाळपर्यंत आळीला कळेल आणि धाऊ त्याच्यावर काहीतरी रचेल. रडली तर ते अजून वाईट. आणि समजा ना हसली ना रडली, नुसतं “असू दे गं आक्का” म्हणाली, तर मालनबाईला ते सर्वात जास्त झोंबणार होतं. हे तिला आत्ताच कळत होतं.

मंगळवारी ती पहाटेच उठली. न्हायली. डब्याच्या तळाशी लग्नसराईतला एक हिरवा खण होता, चांगल्या पोताचा. तो काढून तिनं टोपलीत ठेवला. मग जरा थांबून दुसरा खण काढला, लाल, काठाचा, आणि तोही घातला. दोन नारळ. तांदूळ, हळकुंडं, सुपारी. देवीची ओटी भरायची तर बरोबर येणाऱ्या सवाष्णीला रिकाम्या ओटीनं कसं परतवायचं?

बुधाजीनं गोधडीतून डोकं काढलं. “आज दोन नारळ काय गं?”

“लागतात,” ती म्हणाली.

“कुठं निघालीस?”

“जाऊन येते.”

तिनं डोक्यावरून पदर घेतला, टोपली कडेवर घेतली. अंगणात अजून धूसर होतं. हायवेवरून एक ट्रक दिवा लावून गेला. देवळाची वाट उजवीकडून होती. मालनबाई अंगणात क्षणभर थांबली, ओठातल्या ओठात वाक्य जुळवत, दुसरं वाक्यसुद्धा, आणि मग डावीकडं वळली, कुडाला वळसा घालून. सुंदराच्या दाराशी तिच्या एकटीच्या चपला होत्या. मालनबाईनं आपल्या त्यांच्या बाजूला काढल्या आणि कडीला हात घातला.